दिलफेक नायक दुसऱ्या अंकात का पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या जत्रेसाठी दोन अंकी विनोदी नाटक लिहिताय. नायक गोव्यात मांडवी नदीतल्या पर्यटक बोटीवर निवेदक आहे, बोलघेवडा आहे, आणि म्हापसा, बांबोळी, मडगाव अशा तीन ठिकाणी तीन मुली एकाच वेळी फिरवतोय. पहिल्या अंकाच्या वाचनाला मंडळी पोट धरून हसली. दुसऱ्या अंकात त्याला एक साधी, सोज्वळ शिक्षिका भेटते, तो खरोखर प्रेमात पडतो आणि तिथून नाटक आडवं होतं. 'प्रेम खरं वाटत नाही, संवाद अजून हळवे करू का, की त्याला चांगली अद्दल घडवणारा प्रसंग घालू?' असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. मी फोंडा तालुक्यात बरीच वर्षं हौशी नाटकं बसवतो, जत्रेची आणि स्पर्धेची दोन्ही, आणि या जातीच्या नाटकाचा दुसरा अंक नेहमी एकाच जागी पडताना पाहिलाय. प्रेम खरं वाटत नाही ही तुमची अडचण नव्हेच. अडचण ही की प्रेमात पडल्याबरोबर तुमचा नायक सज्जन होतो. ज्या इसमाला लोक तासभर हसले तो चहाच्या मध्यंतरात घरी निघून गेला आणि त्याचे कपडे घालून त्याचा गुणी चुलतभाऊ रंगमंचावर आला, असं प्रेक्षकाला वाटतं. या चुलतभावाशी त्याची ओळखच नाही, मग त्याच्या प्रेमाचं त्याला काय पडलंय?

म्हणून त्याला चांगला करू नका. निकामी करा.

तुमच्या नायकाकडे पहिल्या अंकात काय काय आहे ते कागदावर लिहून काढा. तोंडपाठ वाक्यं आहेत, कारण बोटीवर रोज संध्याकाळी नवीन पर्यटकांसमोर तो तेच विनोद, तीच शायरी म्हणतो. वेळ साधणं आहे. फोनमध्ये मुलींची नावं 'गॅस एजन्सी' आणि 'प्लंबर' म्हणून ठेवण्याची अक्कल आहे. आणि मुख्य म्हणजे समोरची हसेल याची खात्री आहे. आता दुसऱ्या अंकात यातली एकेक गोष्ट जिथे तिची सर्वांत जास्त गरज आहे नेमकी तिथे मोडायला हवी. वाक्य तेच, पण ते तिच्यापुढे अर्ध्यावर अडकतं. वेळ साधायला जातो आणि फेरीबोट चुकते. चुकून 'प्लंबर'ला फोन लागतो. हुकमी माणसाची हुकमत गेलेली पाहणं हाच तुमचा दुसऱ्या अंकातला हशा, आणि प्रेमाचा पुरावाही तोच. 'मी तुझ्यावर मनापासून प्रेम करतो' हे वाक्य तर पहिल्या अंकात त्याने तिघींना ऐकवलंय. चौथीला ऐकवून काय सिद्ध होणार?

हे नुसतं सांगून पटत नाही, तालमीतलं एक उदाहरण देतो. आम्ही बसवलेल्या एका नाटकात नायिका टपाल कचेरीत कामाला होती. रंगेल नायक काउंटरशी येऊन त्याचं ठेवणीतलं वाक्य टाकतो असा प्रवेश. नटाची अपेक्षा अशी की तिने मान वर करावी, लाजावं, मग तो पुढचं बोलेल. प्रवेश चालत होता, पण हसत कोणीच नव्हतं. मी मुलीला सांगितलं, पाकिटांचा गठ्ठा संपेपर्यंत मान वर करायची नाही, शिक्के मारत राहायचं. झालं असं की नटाला दोन शिक्क्यांच्या मधल्या फटीत वाक्याचे तुकडे बसवावे लागले आणि शेवटच्या, सर्वांत रसाळ शब्दावर धाडकन शिक्का पडला. प्रॉम्प्टरसुद्धा हसला. त्या प्रवेशात आम्ही एक शब्द नवीन लिहिला नाही. तिला काम होतं आणि याला ते थांबवता येत नव्हतं, एवढंच.

तुमच्या शिक्षिकेचं दुखणं नेमकं इथे आहे. 'साधी, सोज्वळ' हा स्वभाव नाही, ते स्थळाच्या जाहिरातीतलं वर्णन आहे. तिला स्वतःचं काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि या माणसावर विश्वास न ठेवायला तिचं स्वतःचं कारण पाहिजे. आता हे मी सुचवतोय म्हणून घ्याच असं नाही, पण गोव्यात एक जागा नाटककाराची वाट पाहत बसलेली आहे आणि आपले लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत: नागरी निबंधकाचं कार्यालय. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या कायद्यात लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते हे तुम्हाला माहीतच आहे. आधी दोघांनी जाऊन इरादा जाहीर करायचा, म्हणजे आपली पहिली सही. मग नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर मागवली जाते, आणि मुदत गेल्यावर दुसरी सही. तुमच्या नायिकेला शाळेतून उठवून त्या कार्यालयात कारकून म्हणून बसवा. पहिली सही करून हातात हात घालून गेलेली आणि दुसऱ्या सहीला न उगवलेली जोडपी तिने पाहिलीत. तिला पुरुषांविषयी मोठं भाषण द्यावं लागणार नाही. फाइल बंद करून कपाटात टाकताना 'आणखी एक' एवढं म्हणाली तरी पुरे.

नायकाची एन्ट्रीही तिथेच होऊ शकते. मित्राच्या पहिल्या सहीला तो साक्षीदार म्हणून आलाय, तिला पाहतो, बोटीवरचं ठेवणीतलं वाक्य टाकतो, आणि ती खाली बघतच म्हणते, 'आधार कार्डाची झेरॉक्स?' पुढचं तुम्हाला लिहिता येईल, पहिल्या अंकावरून तुमचा हात त्यात चांगला दिसतो.

अद्दल घडवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की तिन्ही मुली एकत्र येऊन त्याला चपलांनी बडवतात असा प्रवेश डोक्यात आहे. टाळ्या पडतील, नाही म्हणत नाही. पण मार खाल्ला की माणसाचा हिशेब चुकता होतो. प्रेक्षक मनात म्हणतो, झालं, भरलं याने. त्यानंतर प्रेमाच्या वाटेत अडवायला काही उरत नाही आणि पुढची चाळीस मिनिटं तुम्हाला रडण्यावर काढावी लागतात. हिशेब थकलेला ठेवा. नोटिशीचा उपयोग इथे आहे.

दोघांची पहिली सही झाली. नोटीस फळ्यावर लागली. आपलं राज्य सगळं मिळून ३,७०२ चौरस किलोमीटरचं, त्यात लपायचं कुठे? गोव्यातल्या रंगेल माणसाला मनाची टोचणी लागायच्या आधी नातेवाईक लागतात. तिघींपैकी दोघी पणजी-मडगाव शटलच्या रांगेत पुढेमागे उभ्या राहतात, 'घर खंय तुजें?' एवढ्या एका प्रश्नावरून एकमेकींची मावशी निघते, आणि मावशीवरून हा निघतो. तिघी येतात कार्यालयात हरकत नोंदवायला. शेजारच्या टेबलावरचा कारकून जेवायला गेलाय. काउंटरवर कोण? नवरी स्वतः. तिघींना ते माहीत नाही. तिने सरकारी आवाजात विचारायचं, 'हरकतीचं कारण सांगा,' आणि आपल्याच हस्ताक्षरात लिहून घ्यायचं. एक सांगते, मला दर रविवारी मिरामारच्या किनाऱ्यावर नेतो म्हणाला होता. दुसरी म्हणते, माझ्या वाढदिवसाला आणि हिच्या वाढदिवसाला एकच कविता. आता कायद्याने हरकत म्हणजे आधीचं लग्न अस्तित्वात असणं वगैरे, मिरामारला न नेणं ही हरकत होत नाही. म्हणजे आतून पेटलेल्या त्या मुलीला प्रत्येकीला शांतपणे सांगावं लागतं, 'बाई, हे कायद्यात बसत नाही.' ती त्याच्यावर जळफळतेय आणि तोंडाने त्याची वकिली करतेय. नायक या प्रवेशात रंगमंचावर नसला तरी चालेल. किंबहुना नसूच दे.

इथे त्या तिघींबद्दलही सांगतो. तुमच्या पहिल्या अंकात त्या नुसत्या फसणाऱ्या आहेत. त्यातली निदान एक त्याच्यापेक्षा दोन पावलं पुढे असू दे. बांबोळीची नर्स घ्या: तिला तो काय आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, रात्रपाळीनंतर घरी सोडायला हक्काची स्कूटर मिळते म्हणून तिने त्याला ठेवलाय. मग प्रेक्षकांतल्या बायकांना त्या मुलींची कीव करत बसावं लागत नाही, आणि नायकाची खात्री मोडायला पहिला तडा तिथेच जातो.

याच्याशी जोडून एक मर्यादा पाळायला हवी. पहिल्या अंकात तो कोणाकडून पैसे घेत नाही, कोणाला लग्नाचं वचन देत नाही, आणि कोणीही मुलगी रंगमंचावर खरं रडत नाही. अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबाही बायकांना भुलवतोच, पण तो लग्नं करतो आणि लुबाडतो, म्हणून त्याची जागा कोर्टाच्या पिंजऱ्यात. तुमचा नायक जिथे ती रेषा ओलांडेल तिथे प्रेक्षक न्यायाधीश होऊन बसतो, आणि मग त्याला कोणी प्रेम मिळू देणार नाही, तुम्ही कितीही लिहा. तुमच्या मसुद्यात मडगावच्या मुलीकडून तो मोबाइलसाठी पैसे उसने घेतो ते काढा. विनोद चांगला आहे, तरी काढा.

म्हणजे इतकं झालं: त्याची हत्यारं बोथट, ती आपल्या कामात, आणि मागचे हिशेब काउंटरवर उभे. आता प्रेम दाखवायचं कशाने?

एका गोष्टीने, जिची त्याला किंमत मोजावी लागते. खोटं बोलून सहज सुटता येईल अशा वेळी तो खरं बोलतो. पण सावध, इथेच बहुतेक लेखक व्हायोलिन लावतात, प्रकाश निळा करतात आणि नायकाला 'मी बदललोय' असं पानभर स्वगत देतात. गोव्याच्या प्रेक्षकाला स्वगताचं वावडं नाही, संगीत आणि ऐतिहासिक नाटकांवर वाढलेला आहे तो, पण तिथे स्वगतात पेच असतो. बदललेल्या माणसाकडे पेच नसतो, नुसती बातमी असते. त्यापेक्षा असं बघा: तुमच्या नायकाला खरं बोलायची सवयच नाही. त्यामुळे तो ते वाईट बोलतो, नको तेवढं बोलतो, नको तेव्हा बोलतो. ती हरकतींचा कागद पुढे ठेवून विचारते, 'तिघीच?' 'हो' म्हटलं तर सुटला. तो आवंढा गिळतो आणि म्हणतो, 'चार.' त्या चौथीचं नाव आतापर्यंत नाटकात कोणी घेतलेलं नाही. माझा अंदाज आहे की नाटकातला सर्वांत मोठा हशा तुम्हाला इथे मिळेल, आणि हशा ओसरेपर्यंत प्रेक्षकाला कळलेलं असेल की हा गेला कामातून.

एक वस्तू हाताशी ठेवा. नाटककार गो. ब. देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं, तेच पुढे पदं घालून १९१६ मध्ये 'संशयकल्लोळ' म्हणून आलं, आणि आजही आपल्याकडे जत्रांना ते लागतं. त्यातली तसबीर या हातातून त्या हातात जाते आणि ज्याच्या हातात पडते त्याच्या डोक्यात नवा संशय घुसतो. लोकांना पात्रांची भाषणं आठवोत न आठवोत, तसबीर आठवते. तुमच्या नाटकात आबोलीचा गजरा आहेच, त्याला कामाला लावा. पहिल्या अंकात तो फुलवालीकडून रोज तीन गजरे एकदम घेतो, घाऊक भावात, वर पैसे कमी करायला हुज्जत घालतो. दुसऱ्या अंकात एकच घेतो, हुज्जत न घालता. फुलवाली म्हणते, 'आज एकूच?' बस्स. मग तो गजरा त्याला देताच येत नाही. खिशात राहतो, सुकतो, नर्सला सापडतो, तिला वाटतं आपल्यासाठी आणलाय. फुलवालीला मात्र तुम्ही सध्या एका वाक्यापुरती आणलीय ते कमी आहे. तिला दोन्ही अंकांत बसवून ठेवा, तिच्या नजरेतून प्रेक्षकाला त्याचा हिशेब कळत राहतो.

भाषेचं एक हत्यार आपल्याकडे आहे ते पुण्या-मुंबईच्या लेखकाला मिळणार नाही. आपण तालीम कोकणीत करतो आणि संवाद मराठीत म्हणतो. 'मातशें फाटीं सर' म्हटल्यावर नट मागे सरतो आणि मग 'प्रिये' म्हणतो. तुमच्या नायकाची सगळी फ्लर्टिंग अशीच ठेवा, घोटीव, नाटकी मराठीत. आणि ज्या दिवशी त्याला बोलायचं खरंच काही असतं त्या दिवशी सगळं पाठांतर उडतं आणि तोंडातून निघतं, 'तूं जेवलें गो?' पूर्ण नाटकात एकदाच. दुसऱ्यांदा केलंत तर युक्ती दिसेल. जत्रेत हे बिनधास्त करा. पुढेमागे कला अकादमीच्या स्पर्धेला हेच नाटक न्यायचा विचार असेल तर भाषेबद्दलचा नियम आधी वाचून घ्या.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते.

नायिका कोण करणार? गावातलीच मुलगी असेल आणि महिनाभर तालमीला येणार असेल तर काउंटरचा प्रवेश लांब लिहा, दोघांचा ताल बसू दे. पण आपल्याकडे बहुतेक मंडळं स्त्री-भूमिकांसाठी कलाकार बाहेरून आणतात आणि त्या रंगीत तालमीच्या आसपास येतात. एकाच मोसमात त्यांची अनेक गावांची नाटकं पाठ असतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मग तिची वाक्यं आखूड ठेवा, विनोद तिच्या शब्दांत न ठेवता तिच्या कामात ठेवा: शिक्का, फाइल, झेरॉक्स. अनुभवी बाई असेल तर दोन तालमींत तुमच्या नायकाला खाऊन टाकेल, आणि तुम्हाला तेच हवंय.

जागा कोणती? पालखी आटोपून तुमचं नाटक उभं राहणार. दुसऱ्या अंकाला पुढच्या चटईवरची पोरं झोपलेली असतात, अर्धे पुरुष खाज्याच्या दुकानांकडे, आणि कुठून तरी फुगेवाल्याची पिपाणी. अशा वेळी दुसरा अंक हळुवार प्रेमप्रसंगाने उघडणं म्हणजे लोकांना घरचा रस्ता दाखवणं. पडदा उघडतानाच नोटीस लागलेली हवी आणि तिघी काउंटरवर भांडत हव्यात, म्हणजे दोघांची भेट आणि पहिली सही पहिल्या अंकाच्या शेवटाकडे सरकवा. 'तिघीच?' नंतरचा पॉज बंद नाट्यगृहात, समजा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात, भरपूर ताणता येईल. जत्रेच्या माटवात, म्हणजे मांडवात, टांगलेल्या माइकखाली तेवढा पॉज घेतलात तर लोक समजतील वाक्य विसरला, आणि विंगेतून कोणी तरी मोठ्याने वाक्य देईल.

चावटपणा किती चालेल, हेही तुम्ही विचारलंत. देवस्थान समितीत कोण आहे आणि पहिल्या रांगेत कोणाची आजी आहे यावर ते ठरतं, मी फोंड्यात बसून सांगू शकत नाही. एवढं नक्की, की तुमच्या पहिल्या अंकातले द्व्यर्थी संवाद काढले तरी हशा फारसा कमी होणार नाही. मी वाचताना ते सोडूनच हसलो.

शेवटी लग्न दाखवायचं का? अक्षता, सनई, सगळं मंडळ रंगमंचावर, हे जत्रेत लोकांना आवडतं आणि मंडळातल्या पोरांनाही फोटोला बरं. माझ्या मते नाटक दुसऱ्या सहीपाशी संपतं. तो वेळेच्या आधी येऊन बाकावर बसलाय, साक्षीदार उशिरा, फुलवाली सोबत. तिने आपल्याच लग्नाचे कागद तपासायचे आणि त्यात एक झेरॉक्स कमी काढायची. तो धावत झेरॉक्स आणायला सुटतो, सगळ्यांना वाटतं पळाला, तिघी नेमक्या दारात. परत येतो का, आणि पडदा त्याच्या सहीवर पाडायचा की तिच्या, ते नायिका कोण करतेय हे पक्कं झाल्यावर ठरवा. बाहेरची अनुभवी कलाकार असेल तर शेवटचा क्षण तिच्याकडे द्या, गावातली नवीन मुलगी असेल तर नायकाकडे. आणि हे सगळं घातल्यावर दुसरा अंक पहिल्यापेक्षा लांबला, तर नर्सचा भाऊ कापा. त्याचं नाटकात तसंही काही काम नाही.